‘कदाचित’ची तेवीस वर्षं

२३ डिसेंबर २०२२ या दिवशी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे ‘एफडीए’ने, एका गोळीच्या माहितीपत्रकातला मजकूर बदलला. गोळी तीच राहिली, दीड मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची. मात्राही तीच आणि घ्यायची रीतही तीच. गेला तो फक्त एक अंदाज. फलित झालेलं स्त्रीबीज गर्भाशयात रुजण्याला ही गोळी कदाचित अडथळा आणत असेल, असं १९९९पासून त्या कागदावर छापलेलं होतं. ते वाक्य काढून टाकलं गेलं आणि ही गोळी स्त्रीबीज सुटण्याआधी काम करते, ती गर्भपात घडवत नाही, असं प्रशासनाने स्वच्छ सांगून टाकलं.

औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांचा कागद कोण वाचतं, असं आपण म्हणतो. हा कागद न्यायाधीशांनी वाचला, धर्मगुरूंनी वाचला, निवडणुका लढवणाऱ्यांनी वाचला. जिच्यासाठी तो छापला होता, तिने वाचला असेल की नाही याची मात्र मला शंका आहे. तिला घाई असते.

आपल्याकडे हिला ‘७२ तासांची गोळी’ म्हणतात, किंवा सरळ ब्रँडच्या नावाने ‘आय-पिल’. कंडोम फाटला, रोजची गोळी चुकली, जबरदस्ती झाली, किंवा काहीच वापरलं नव्हतं, अशा वेळी घ्यायची ही तातडीची गर्भनिरोधक गोळी. तिच्यावरून जगभर जो वाद पेटला तो एका प्रश्नाचा आहे: ही गोळी गर्भ राहू देत नाही, की राहिलेला घालवते?

आता हा ‘कदाचित’ आला कुठून, ते पाहू. संबंधानंतर संप्रेरकं देऊन गर्भधारणा टाळण्याचे प्रयत्न १९६०च्या दशकात सुरू झाले. तेव्हा इस्ट्रोजेनच्या भल्यामोठ्या मात्रा दिल्या जात आणि बायका ओकून ओकून बेजार होत. १९७०च्या दशकात कॅनडातले डॉक्टर अल्बर्ट युझ्पे यांनी नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमधलीच दोन संप्रेरकं थोड्या जास्त मात्रेत, बारा तासांच्या अंतराने दोनदा द्यायची पद्धत रूढ केली. या औषधांनंतर काही स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात सूक्ष्मदर्शकाखाली बदल दिसले. अस्तर बदललं, म्हणजे त्यात बीज रुजत नसणार, असा तर्क झाला. तर्क वाईट नव्हता. पण दिसणारा बदल आणि न रुजणं यांच्यामध्ये एक मोठी दरी होती आणि ती कोणी ओलांडून पाहिली नव्हती.

पाहता येणंही अवघड होतं. लघवीच्या चाचणीत ज्या संप्रेरकामुळे दुसरी रेघ उमटते, ते शरीरात पुरेसं दिसू लागतं बीज रुजायला लागल्यावर. स्त्रीबीज फलित झाल्यापासून ते रुजेपर्यंतच्या सहा-सात दिवसांत, आत काही आहे की नाही हे सांगणारी नेहमीच्या वापरातली चाचणी नाही. मग गोळी घेतल्यावर पाळी आली, तर ती बीज सुटलंच नाही म्हणून आली, फळलं नाही म्हणून आली, की फळलं पण रुजलं नाही म्हणून आली, हे त्या एका बाईपुरतं कधीच कळत नाही. जे नाकारता येत नाही ते सावध माणूस ‘असू शकेल’ म्हणून लिहून ठेवतो. १९९९मध्ये अमेरिकेत ‘प्लॅन बी’ या नावाने लेव्होनॉरजेस्ट्रेलला मान्यता मिळाली, तेव्हा त्या सावधपणाने हा अंदाज छापला गेला. छापलेला अंदाज काही वर्षं तसाच राहिला की लोक त्याला शोध समजू लागतात.

इथे शब्दांचाही एक गुंता आहे. गर्भधारणा कधी झाली म्हणायची? अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६५मध्ये व्याख्या केली की बीज गर्भाशयात रुजलं की गर्भधारणा. विरोधक म्हणतात, ही सोयीची व्याख्या आहे. शुक्राणू आणि स्त्रीबीज एक झाले तेव्हाच जीव सुरू झाला. मराठीत मात्र गंमत आहे. आपण ‘गर्भ राहिला’ म्हणतो, ‘दिवस राहिले’ म्हणतो. आला आणि राहिला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या आज्यांच्या बोलण्यातच आहे. अर्थात म्हणून वाद मिटतो असं नाही. वाक्प्रचारावरून जीवशास्त्र ठरत नसतं.

पण कायदा मात्र शब्दांवरच चालतो. ब्रिटनमध्ये ही गोळी २००१च्या सुरुवातीपासून औषधांच्या दुकानात चिठ्ठीविना मिळू लागली. गर्भपाताला विरोध करणारी एक संघटना लगेच न्यायालयात गेली. १८६१च्या कायद्याने ‘गर्भपात घडवणं’ गुन्हा आहे आणि ही गोळी तेच करते, असं तिचं म्हणणं. न्यायमूर्ती मन्बी यांनी एप्रिल २००२मध्ये दिलेल्या विस्तृत निकालात सांगितलं की गर्भपात हा शब्द बीज रुजल्यानंतरच लागू होतो. रुजण्याआधी जे काही होतं त्याला तो शब्द लावता येत नाही. हे आपल्यालाही अगदीच परकं नाही. आपलं भारतीय दंड संहितेतलं कलम ३१२ त्या ब्रिटिश कायद्याच्या एक वर्ष आधीचं, १८६०चं, त्याच इंग्रजी डोक्यांतून आलेलं. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम ८८ होऊन बसलं आहे.

शब्द बाजूला ठेवून शरीरात काय होतं ते बघू, कारण खरी मजा तिथे आहे.

पुरुषाचे शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम बारा ते चोवीस तास टिकतं. म्हणून महिन्यात गर्भ राहण्याजोगे दिवस असतात सुमारे सहाच: बीज सुटण्याआधीचे पाच आणि सुटण्याचा दिवस. अमेरिकेतल्या विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये २२१ स्त्रियांच्या रोजच्या नोंदींवरून हे दाखवून दिलं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पुष्कळदा संबंध होतो तेव्हा बीज अजून सुटलेलंच नसतं. शुक्राणू आत जाऊन वाट पाहत बसलेले असतात. गोळीला जी संधी मिळते ती याच वाट पाहण्याच्या काळात.

एसटी डोळ्यांसमोर आणा. गाडी फलाटावर लागली आहे, इंजिन सुरू आहे, पण कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी ही आपली कंडक्टर. ती ‘एलएच’ नावाचं संप्रेरक एकदम उसळून सोडते. ही डबल बेल. ती सुरू झाल्यावर साधारण दीड दिवसाने अंडाशयातली पुटिका फुटते आणि बीज बाहेर पडतं. लेव्होनॉरजेस्ट्रेल काय करतं, तर बेलची दोरी ओढायला निघालेल्या कंडक्टरचा हात धरतं. एलएचची लाट उठू देत नाही किंवा पुढे ढकलतं. गाडी काही दिवस उशिरा सुटते, तोवर आतले शुक्राणू संपलेले असतात. पण एकदा दोरी ओढली गेली की हात धरून उपयोग नाही. लाट उठायला लागल्यावर घेतलेली गोळी आणि साखरेची गोळी यांत बीज सुटण्याच्या बाबतीत फारसा फरक उरत नाही.

युलिप्रिस्टल हे याच कामाचं नंतरचं औषध, युरोपात २००९मध्ये आणि अमेरिकेत २०१०मध्ये मान्य झालेलं. ते जरा पुढे जातं. बेल वाजली आहे पण गाडी फाटकाबाहेर पडलेली नाही, अशा वेळीही ते ती थांबवू शकतं. म्हणून त्याची मुदत पाच दिवसांची. बीज सुटून गेल्यावर त्याचाही भरवसा नाही.

हे सगळं आज सहज सांगता येतं. ते सिद्ध करायला मात्र संशोधकांनी घाम गाळला. आणि त्यातले पुष्कळसे चिलीचे होते, हा योगायोग नव्हे. चिलीच्या घटनेत जन्माला न आलेल्या जिवाच्या रक्षणाची तरतूद आहे. तिथे २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोळीचा एक ब्रँड अडवला. २००८मध्ये घटनात्मक न्यायाधिकरणाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारी दवाखान्यांतून ती वाटायला मनाई केली. कारण काय, तर गोळी कशी काम करते याविषयी शंका आहे, आणि शंका असेल तर कौल जिवाच्या बाजूने द्यायचा. खासगी दुकानातून ती विकत घेता येत होती. म्हणजे मनाई झाली ती नेमकी जिच्याकडे पैसे नव्हते तिला. २०१०च्या कायद्याने ही बंदी उठली.

त्याच सांतियागो शहरात होरासिओ क्रोक्साटो आणि त्यांचे सहकारी ती शंकाच तपासत होते. त्यांनी आधी उंदरांवर आणि मग २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीबस जातीच्या माकडिणींवर प्रयोग केले. बीज फळल्यानंतर लेव्होनॉरजेस्ट्रेल दिलं आणि न दिलं, दोन्ही वेळा गर्भ सारखेच राहिले. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत २००७मध्ये आणखी एक देखणा प्रयोग झाला. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींचा थर प्रयोगशाळेत वाढवून त्यावर दान मिळालेले मानवी भ्रूण ठेवले. लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेल्या थरावर भ्रूण चिकटले. गर्भपाताचं औषध मिफेप्रिस्टोन असलेल्या थरावर एकही चिकटला नाही.

मग आला खरा पुरावा, जिवंत बायकांचा. चिलीतल्याच नोए आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०११चा. गोळी घ्यायला आलेल्या स्त्रियांची सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या करून, त्यांचं बीज सुटायचं आहे की सुटून गेलं आहे हे ठरवलं. बीज सुटण्याआधी गोळी घेतलेल्या १०३ जणींपैकी हिशेबाने १६ जणींना दिवस राहायला हवे होते. एकीलाही राहिले नाहीत. बीज सुटण्याच्या दिवशी किंवा नंतर घेतलेल्या ४५ जणींमध्ये हिशेब ८.७चा होता, आठ जणींना दिवस राहिले. रुजणं रोखण्याची ताकद गोळीत असती तर या दुसऱ्या गटात ती दिसायला हवी होती.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दाही इथेच आहे आणि तो झटकून टाकणं मला बरं वाटत नाही. पहिल्या गटातल्या बऱ्याच जणींची पुटिका पुढच्या काही दिवसांत फुटलेली दिसली होती. म्हणजे गोळी घेऊनही बीज सुटलं. मग गर्भ का राहिला नाही? काही कॅथलिक डॉक्टर म्हणतात, हाच तर फलनानंतरच्या परिणामाचा पुरावा. संशोधकांचं उत्तर असं की पुटिका उशिरा आणि अधू लाटेवर फुटली, त्यामुळे बीज फळण्याजोगं नसावं किंवा तोवर शुक्राणू उरले नसावेत. पहिल्या गटात औषध शंभर टक्के लागू आणि दुसऱ्यात जवळपास शून्य, हे बघता मला संशोधकांचं उत्तर जास्त पटतं. अस्तरावर परिणाम करणारं औषध बीज सुटण्याच्या आदल्या दिवशी रामबाण आणि दुसऱ्या दिवशी पाणी, असं कसं होईल?

आणि एक साधी गोष्ट या वादात फार कमी वेळा बोलली जाते. लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनच्या घराण्यातलं आहे. प्रोजेस्टेरॉन म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक. रक्तस्राव होऊन गर्भ जायची भीती असते तेव्हा डॉक्टर तेच लिहून देतात. गर्भपाताचं मिफेप्रिस्टोन नेमकं उलट करतं, प्रोजेस्टेरॉनची वाट अडवतं. दोन्ही गोळ्या एका नावाने ओळखणं म्हणजे कुलूप लावणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला एकाच माळेत ओवणं.

सोयीस्करपणा मात्र एकाच बाजूला नव्हता. प्रिन्स्टन विद्यापीठाचे जेम्स ट्रसेल हे या गोळीचे जगातले मोठे पुरस्कर्ते होते. तेही बरीच वर्षं लिहीत होते की रुजण्यावरचा परिणाम नाकारता येत नाही आणि बाईला हे सांगितलं पाहिजे. त्यात प्रामाणिकपणा होता आणि एक अडचणही होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८च्या चाचणीत १,९९८ स्त्रियांवर लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि युझ्पे पद्धत यांची तुलना झाली. लेव्होनॉरजेस्ट्रेल घेतलेल्यांपैकी १.१ टक्के स्त्रियांना दिवस राहिले, युझ्पे पद्धतीत ३.२ टक्के. लेव्होनॉरजेस्ट्रेलने अपेक्षित गर्भधारणांपैकी ८५ टक्के टळल्या, असं गणित मांडलं गेलं. गोळी फक्त बीज सुटण्याआधीच चालते हे मान्य केलं, तर एवढा मोठा आकडा पचवणं कठीण जातं. म्हणजे गोळी नैतिकदृष्ट्या जितकी निर्दोष ठरते, तितकीच ती कमी परिणामकारक ठरते. हा व्यवहार कोणत्याच बाजूला फारसा सोयीचा नव्हता.

जून २०१२मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या विषयावर मोठं वृत्त छापलं आणि माहितीपत्रकातल्या वाक्याला शास्त्राचा आधार नाही हे दाखवलं. तरी कागद बदलला नाही. दोनच वर्षांनी, ३० जून २०१४ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘हॉबी लॉबी’ खटल्याचा निकाल दिला. कलाकुसरीचं सामान विकणाऱ्या या कंपनीच्या मालकांचं म्हणणं होतं की कर्मचाऱ्यांच्या विम्यात वीसपैकी चार गर्भनिरोधक साधनांचा खर्च देणं त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेविरुद्ध आहे, कारण ती फलित बीजाला रुजू देत नाहीत. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. निकालात ही साधनं असा परिणाम करू ‘शकतात’ असं म्हटलं. कागदावरचा ‘कदाचित’ कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला तो असा.

नेमकं उलटं उदाहरण जर्मनीतलं. कोलोनमध्ये बलात्कार झाला असावा अशा एका तरुणीला दोन कॅथलिक रुग्णालयांनी तपासायलाच नकार दिला, कारण तपासणीबरोबर या गोळीचा सल्लाही द्यावा लागला असता. बोभाटा झाला. तिथले तेव्हाचे कार्डिनल योआखिम माइस्नर कडवे परंपरानिष्ठ म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी जाणकारांना विचारलं आणि जानेवारी २०१३च्या अखेरीस जाहीर केलं की फलन रोखणारी गोळी बलात्कारपीडितेला द्यायला हरकत नाही. पुढच्याच महिन्यात जर्मन बिशपांच्या परिषदेनेही तसं मान्य केलं. श्रद्धा तीच ठेवून माहिती बदलली तर निर्णय बदलू शकतो, हे मला ‘हॉबी लॉबी’च्या खटल्यापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

अमेरिकेत २०२२च्या जूनमध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला, तेव्हा मिसुरीतल्या एका रुग्णालय-समूहाने कायद्याच्या धास्तीने ही गोळी देणं एक-दोन दिवस थांबवलंही होतं. सहा महिन्यांनी कागद बदलला.

आपल्याकडे हा वाद असा कधी पेटला नाही. २००५पासून ही गोळी चिठ्ठीविना मिळते, २००७मध्ये सिप्लाने ‘आय-पिल’ आणली. २०११च्या योजनेपासून आशाताई ती दोन रुपयांत घरी आणून देतात. आपला गोंधळ वेगळा आहे. आपल्या मेडिकलमध्ये तीन अगदी वेगळ्या गोळ्या ‘ती गोळी’ या एकाच नावाने, खालच्या आवाजात मागितल्या जातात. गौरी-गणपतीत किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉन. तिने गर्भ टळत नाही. ७२ तासांची लेव्होनॉरजेस्ट्रेल. आणि पाडायची, म्हणजे मिफेप्रिस्टोन-मिसोप्रोस्टॉल, जी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देणं बेकायदा आहे आणि स्वतःच्या मनाने घेणं जिवावर बेतू शकतं. पाळी चुकल्यावर ७२ तासांची गोळी घेऊन वाट पाहणाऱ्या मुली डॉक्टरांना भेटतात. राहिलेल्या गर्भाला तिने काही होत नाही. वाया जातात ते आठवडे.

गोळीचं काम समजलं की बाकीच्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही. गाडी कधी सुटेल हे माहीत नाही, म्हणून ७२व्या तासाची वाट न पाहता लगेच घ्यायची. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. बीज फक्त लांबणीवर पडलं आहे, म्हणून त्याच महिन्यात पुन्हा निष्काळजीपणा केला तर आधीपेक्षाही फसगत. पाळी आठवडाभर लांबली तर तपासणी करायची. पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं हा याहून कितीतरी खात्रीचा उपाय. सात हजारांवर स्त्रियांच्या नोंदींत हजारात सुमारे एकीच्या बाबतीतच ती फसली होती. ती मुख्यतः शुक्राणूंना निकामी करते, पण अशा वेळी बसवली तर रुजणंही रोखत असेल, हे मात्र खरं आहे. ज्यांना त्याचं वावडं आहे त्यांना ते सांगायलाच हवं.

आणि काळ्या पिशवीत घालून द्या म्हणण्याआधी पाकिटावरचं नाव एकदा वाचा. लेव्होनॉरजेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम. तेवढं लिहिलेलं असलं की झालं.